हजेरी, कैद, फिर्याद : वारणा ते माणगंगा

१

पोलीस ठाण्याची पायरी मी फिर्यादी म्हणून आयुष्यात एकदाच चढलो. कृष्णाकाठच्या एका गावात आमचे जुने घर आहे. आडसाली उसाच्या लागणीचे दिवस होते, घरातली सगळी माणसे रानात होती आणि भरदिवसा घर फुटले. आईची बोरमाळ, थोडी रोकड आणि पितळेची दोन मोठी पातेली गेली. फिर्याद लिहून घेणाऱ्या हवालदारांनी नाव आणि पत्ता विचारून झाल्यावर तिसराच प्रश्न केला, "संशय कुणावर?" मी काही बोलण्याआधीच सोबत आलेल्या चुलत्यांनी ओढ्यापलीकडच्या पालांचे नाव घेतले. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी पालांवरची दोन माणसे उचलली गेली आणि चार दिवसांनी सोडली गेली. तोवर उरलेल्यांनी पाले हलवली होती. बोरमाळ आजतागायत मिळालेली नाही. ती कुणी नेली, याचा शोध त्या दोन माणसांपाशी सुरू झाला आणि तिथेच संपला.

पुढे काही वर्षांनी एम. ए.च्या वर्गात 'फकिरा' शिकवताना हजेरीचा भाग आला, तेव्हा माझे मन वारंवार त्या प्रश्नाकडे जाऊ लागले. अण्णा भाऊ साठे यांनी ज्या समाजाची कथा सांगितली, त्याच्यापुढे सरकारने हाच प्रश्न उलट्या बाजूने ठेवला होता. गुन्हा अजून घडायचा होता, पण संशय कुणावर घ्यायचा हे आधीच ठरले होते. हा लेख त्या अस्वस्थतेतून आला आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातीतून फौजदारी न्यायाविषयी तीन मोठ्या कथा निघाल्या. एक कादंबरी आहे, एक चित्रपट आहे आणि एक चळवळीची आठवण आहे. त्या तिघींना शेजारी ठेवून वाचले, तर त्यांच्यातल्या रिकाम्या जागाही दिसू लागतात. माझा रस त्या रिकाम्या जागांत आहे.

भूगोलाविषयी एक खुलासा. आजचा सांगली जिल्हा १९४९पर्यंत स्वतंत्र नव्हता. त्यातला बराचसा मुलूख जुन्या सातारा जिल्ह्यात आणि काही भाग संस्थानांत होता. १९४९मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे वाटेगाव, कुंडल, औंध, आटपाडी ही नावे आज दोन जिल्ह्यांत विभागलेली असली, तरी त्यांचा अनुभव एका मुलखाचा आहे.

२

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा, वाटेगावचा. 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली आणि १९६१मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार तिला मिळाला. कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. इतका गौरव होऊनही मराठी समीक्षेने तिच्याकडे बहुधा एकाच नजरेने पाहिले : शूर, दिलदार बंडखोराची रोमांचक गाथा. ज्यांना ती आवडली त्यांनी फकिराच्या पराक्रमाचे कौतुक केले. ज्यांना खटकली त्यांनी तिच्यातल्या भडक रंगांवर आणि योगायोगांवर बोट ठेवले. दोन्ही बाजूंच्या वाचनात फकिरा एकटाच उरतो आणि त्याच्याभोवतीचे कायद्याचे जाळे पार्श्वभूमी होऊन मागे सरते. मला मात्र ही कादंबरी तीन निरनिराळ्या न्यायव्यवस्थांची टक्कर म्हणून वाचावीशी वाटते.

पहिला न्याय गावाचा. जोगणी आणणे हा दोन गावांमधला जीवघेणा खेळ आहे, पण त्याला नियम आहेत. वेस ही त्या नियमांतली सीमारेषा. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी वाटेगावात आणतो आणि त्या पायी दगाफटक्याने मारला जातो. कथेतला हा पहिला गुन्हा. राणोजीची बायको, मुले आणि आईबाप हे या गुन्ह्याचे पीडित. आश्चर्य असे की या खुनाचा खटला कादंबरीत उभा राहत नाही. गाव हळहळते, राणोजीचे नाव मोठे होते, त्याच्या मरणाने गावाला जत्रा मिळते. पण पीडित कुटुंबाने दाद मागावी अशी जागा त्या जगात नाही. अण्णा भाऊंनी हे कुठे तक्रारीच्या सुरात सांगितलेले नाही. राणोजीचे घर दाद मागायला कुठे जाईल, हा विचारही कुणाच्या मनात येत नाही, आणि हे न सुचणेच फार बोलके आहे.

दुसरा न्याय सरकारचा. तो हजेरीच्या रूपाने येतो. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११च्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर वाढवण्याची सोय केली, आणि १९२४ साली त्याला एकत्रित रूप मिळाले. एखादी जमात 'गुन्हेगार' असल्याची अधिसूचना निघाली की तिच्या माणसांची नोंदवही होई, ठरल्या वेळी हजर राहणे सक्तीचे होई, गाव सोडायला परवानगी लागे. या कायद्यातले एक कलम मला सर्वांत भयंकर वाटते. त्यानुसार अधिसूचनेच्या वैधतेविषयी कोणत्याही न्यायालयाला प्रश्न विचारता येत नसे. चोरी केल्याचा आरोप असलेल्याला निदान वकील लावता येई आणि साक्षीदाराची उलटतपासणी घेता येई. जन्माने संशयित ठरलेल्याला तेवढीही संधी नव्हती, कारण त्याच्यावर खटलाच भरलेला नव्हता. खटल्यावाचून भोगायची ही शिक्षा होती.

हजेरीची प्रसंगचित्रे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. तिथे फकिराचा अपमान होतो तो शूर म्हणून नव्हे, एक नोंद म्हणून. नाव पुकारले की 'हजर' म्हणायचे, एवढेच त्याचे अस्तित्व. दुष्काळात माणसे भुकेने मरायला लागतात, तेव्हा तो धान्य लुटून वाटतो आणि पुढे सरकारी खजिन्यावर हात टाकतो. हे गुन्हे आहेत, हे कादंबरी लपवत नाही. पण वाचकाला त्यांचा क्रम दाखवते. आधी संशय, मग भूक, मग गुन्हा. सरकारने मात्र गुन्ह्यापासून मागे जात संशय सिद्ध झाल्याचा दावा केला असता.

तिसरा प्रसंग शेवटचा. फकिरा हाती लागत नाही, म्हणून सरकार त्याच्या समाजातल्या बायकापोरांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना डांबते. त्यांना सोडवण्यासाठी तो स्वतःहून हजर होतो. या शेवटाला समीक्षकांनी त्याग म्हटले आहे आणि तो आहेच. पण कायद्याच्या भाषेत हे ओलीस धरणे आहे. कायद्याचे राज्य म्हणवणाऱ्या सत्तेने एका माणसाच्या गुन्ह्यासाठी शेकडो निरपराधांना कोंडले, आणि गुन्हेगार ठरवलेल्या माणसाने त्यांची सुटका केली. न्यायाच्या तराजूची पारडी इथे पुरती उलटली आहेत. माझ्या मते 'फकिरा'चे खरे बळ या उलटापालटीत आहे. तलवारबाजीत आणि घोडदौडीत तेवढे नाही.

तरीही कादंबरीत एक उणीव राहते. ज्यांचे धान्य आणि ज्यांची माणसे या लुटीत गेली, ते तिथे केवळ खलनायक म्हणून येतात. खजिना सरकारचा असल्यामुळे प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. लुटीत सापडलेल्या एखाद्या सामान्य नोकराचे, पहारेकऱ्याचे घर आपल्याला दिसत नाही. अण्णा भाऊंचा पक्ष ठरलेला आहे आणि तो योग्यही आहे. पण पक्ष योग्य असला म्हणून सगळी माणसे दिसतातच असे नाही.

३

वाटेगावहून उत्तर-पूर्वेला आटपाडी. माणगंगेच्या या दुष्काळी मुलखात औंध संस्थानचा एक तुकडा होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली. गांधीजींचा सल्ला, बॅ. आप्पासाहेब पंत यांचा पुढाकार आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची मेहनत त्यामागे होती. फ्रीडमन भारतात येऊन भारतानंद झाले होते. याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी तिथे भिंतीवाचून राहायचे, शेती करायची, कुटुंब सोबत ठेवायचे. ही वसाहत आजही राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे.

या प्रयोगावर ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. गदिमांचा जन्म १९१९चा, शेटफळ्याचा. माडगूळ हे त्यांचे गाव आटपाडी तालुक्यातले आणि शाळा औंधातली. म्हणजे 'फकिरा'चे लेखक आणि या चित्रपटाचे लेखक वयाने वर्षभराच्या अंतराचे, आणि आजच्या हिशेबाने एकाच जिल्ह्याचे. दोघांनीही शिक्षेविषयी लिहिले, दोन वर्षांच्या अंतराने. तरी या दोन कृतींची तुलना माझ्या पाहण्यात फारशी आलेली नाही. एक 'दलित साहित्या'च्या कप्प्यात गेली, दुसरी 'चित्रपटा'च्या.

तुलना केली तर काय दिसते? 'फकिरा'त सरकारची नजर ही शिक्षा आहे. माणसावर पाळत ठेवली की तो सुधारेल, या समजुतीचे ते भयानक फळ. चित्रपटातही नजरच आहे. सहा खुनी कैदी पळून जायला निघतात, पण जेलर आदिनाथचे डोळे त्यांना मागे खेचतात. हे डोळे पाळतीचे नाहीत, विश्वासाचे आहेत, असे चित्रपट सांगतो. मला हा भेद महत्त्वाचा वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. हजेरी आणि आदिनाथचे डोळे यांच्यात एक धागा समान आहे. दोन्हीकडे माणसाचे चांगले वागणे कुणीतरी पाहत असण्यावर टांगलेले आहे. स्वतंत्रपूरच्या प्रत्यक्ष रचनेत कुटुंब, शेत आणि रोजचे काम यांना जे स्थान होते, ते चित्रपटाने एका संतासारख्या माणसाच्या नजरेला देऊन टाकले. संस्था मागे पडली आणि महात्मा पुढे आला. आदिनाथ मरतो तेव्हा प्रेक्षक रडतो. पण पुढचा जेलर कसा असेल, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. त्या सहा जणांनी ज्यांचे खून केले, ती माणसे कोण होती? चित्रपटात कैद्याच्या घरची म्हातारी आणि पोरे दिसतात, आणि त्यांच्यासाठी आपले काळीज हलते. खून झालेल्यांच्या घरची म्हातारी आणि पोरे कुठेच येत नाहीत. सुधारणेच्या कथेला पीडित माणूस अडचणीचा वाटतो, कारण तो समोर उभा राहिला तर क्षमा करण्याचा अधिकार जेलरकडून त्याच्याकडे जातो. कैद्याला माणूस म्हणून उभे करणे हे या चित्रपटाचे मोठे काम, आणि बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली त्याची दखल घेतली गेली ती रास्तच. परंतु त्यासाठी फिर्यादीला पडद्याबाहेर ठेवावे लागले, ही किंमत आपण कधी मोजली नाही.

४

फिर्यादीला मध्यभागी आणले ते पत्री सरकारने. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, नाथाजी लाड, जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर आदींनी सातारा जिल्ह्यात उभारलेल्या प्रतिसरकारची आठवण आपण रेल्वे आणि खजिन्याच्या लुटींसाठी अधिक ठेवतो. पण गावच्या माणसाला त्या सरकारची ओळख न्यायदान मंडळांतून झाली. सावकाराने गिळलेली जमीन, नवऱ्याने टाकलेली बायको, भूमिगतांच्या नावाखाली होणारे दरोडे, अशी प्रकरणे तिथे येत. निकाल गावातच, लोकांसमोर आणि मोफत. इंग्रजी न वाचता येणाऱ्याला आपले गाऱ्हाणे आपल्या बोलीत मांडता येई. वाळवा तालुक्यातल्या कासेगावात राहून ज्यांनी या चळवळीचा अभ्यास केला, त्या गेल ऑम्व्हेट यांच्या लेखनामुळे प्रतिसरकारची ही बाजू जगापुढे आली.

'पत्री' या नावाबद्दल लोकांत जी व्युत्पत्ती रूढ आहे, ती मात्र विचार करायला लावते. प्रतिसरकार या शब्दाचा बोलीत अपभ्रंश झाला असेल. पण लोक सांगतात ते तळपायांवर केलेल्या माराविषयी, पत्री ठोकण्याविषयी. म्हणजे लोकांच्या स्मृतीत या न्यायाचे नावच शिक्षेवरून पडले. आमच्या गावातले म्हातारे ही गोष्ट हसत सांगत, आणि ऐकणारेही हसत. मार खाणारा गुंड होता, खबऱ्या होता, बायकोला छळणारा होता, हे आपण धरून चालतो. तो तसा नसेल तर? त्याच्या बाजूने कोण बोलले? वरच्या कोर्टात जायची सोय होती का? परकीय सत्तेशी लढणाऱ्या भूमिगतांकडून अपिलाच्या कोर्टाची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे होईल, हे मला मान्य आहे. प्रश्न त्यांच्यापेक्षा आपल्या आठवणीचा आहे. ज्या मुलखाने हजेरीची शिक्षा भोगली, त्याच मुलखाने खटल्यावाचूनच्या शिक्षेची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितली.

५

आता तिन्ही कथा शेजारी ठेवतो. 'फकिरा'त संशयित आहे, चित्रपटात कैदी आहे, पत्री सरकारच्या आठवणीत फिर्यादी आहे. प्रत्येक कथेने एकाला उजेडात आणले आणि उरलेल्यांना अंधारात ठेवले. यामुळे आपल्या मनात एक समजूत घट्ट झाली आहे, की आरोपीचे हक्क आणि पीडिताचे हक्क एकाच भाकरीचे वाटे आहेत. एकाला जास्त दिले तर दुसऱ्याला कमी पडणार. वर्तमानपत्रांतल्या पत्रांपासून चावडीवरच्या गप्पांपर्यंत हीच समजूत ऐकू येते.

कायद्याच्या पुस्तकात पीडित माणूस फार उशिरा आला. फौजदारी प्रक्रिया संहितेत 'पीडित' या शब्दाची व्याख्या २००८च्या दुरुस्तीने घातली गेली आणि ती २००९च्या अखेरीस लागू झाली. तेव्हा त्याला निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा हक्क मिळाला आणि राज्यांवर भरपाई योजनेचे बंधन आले. महाराष्ट्राची 'मनोधैर्य' योजना २०१३ची. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र कलम आले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे बंधनकारक केले. त्याआधी फिर्यादी हा सरकारच्या खटल्यातला एक साक्षीदार होता, त्याहून अधिक कुणी नव्हता. हे बदल मोलाचे आहेत. पण ज्या वस्तीकडे ठाण्याची नजर पिढ्यान्‌पिढ्या संशयाची राहिली, तिथल्या बाईने आपली फिर्याद घेऊन त्याच ठाण्यात जायचे आहे. तिला पीडित म्हणून ओळखले जाण्याआधी संशयिताची नातलग म्हणून ओळखले जाते. राणोजीच्या घरासमोरचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

संशयाने पीडिताचे काय नुकसान होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्यात पकडले. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९मध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवून सगळ्यांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपास झालाच नाही, हे न्यायालयाने नोंदवले. सहा माणसांची सोळा वर्षे गेली. पण ज्या कुटुंबावर तो प्रसंग ओढवला, त्याचे काय? त्यांच्या साक्षीदाराचे ऐकले गेले नाही. सोळा वर्षांनी त्यांच्या हाती काहीच उरले नाही. चुकीच्या माणसाला पकडले की खरा गुन्हेगार सुटतो, इतकी साधी ही गोष्ट आहे. आरोपीवरचा अन्याय आणि पीडितावरचा अन्याय इथे एकाच तपासातून जन्मले.

ही सीमारेषा किती पातळ असते हे सांगलीने नोव्हेंबर २०१७मध्ये पाहिले. लूटमारीच्या गुन्ह्यात पकडलेला एक तरुण पोलीस कोठडीत मरण पावला, त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळल्याचे उघडकीला आले आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. एका रात्रीत आरोपी पीडित झाला आणि त्याचे घर फिर्यादी झाले. आरोपीचे हक्क म्हणजे 'त्यांचे' हक्क, असे मानणाऱ्या शहराला तेव्हा रस्त्यावर उतरावेसे वाटले.

गुन्हेगार जमाती कायदा मुंबई राज्याने १९४९मध्ये आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९चा, म्हणजे 'फकिरा' प्रसिद्ध झाली त्याच वर्षाचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले. हजेरीची वही बंद होऊन सत्तर वर्षे झाल्यावरही तुरुंगाच्या नियमांत तिची पाने शिल्लक होती, हेच त्या निकालाने सांगितले.

६

समीक्षेचे काम पुस्तकाला गुण देण्यापाशी थांबत नाही, असे मी मानतो. कोणती माणसे कथेत आली आणि कोणती वेशीबाहेर राहिली, हे पाहणेही तिचेच काम आहे. 'फकिरा'ची थोरवी या वाचनाने कमी होत नाही, उलट वाढते. मराठीत गुन्ह्याच्या तपासाची दिशा जन्मावरून ठरते, हे इतक्या थेटपणे दुसऱ्या कुणी दाखवले नव्हते. स्वतंत्रपूरने शिक्षेला माणूसपण दिले आणि न्यायदान मंडळांनी गाऱ्हाण्याला आसन दिले. या तिन्ही गोष्टी एका चौकटीत आणणारी कादंबरी अजून लिहिली जायची आहे. तिच्यात फिर्याद देणारी बाई पालावरची असेल, संशयिताला बोलू दिले जाईल, आणि कैद्याला ज्याच्या घरी दुःख दिले त्याच्या दारात उभे राहावे लागेल.

ती लिहिली जाईपर्यंत माझ्यापाशी माझी स्वतःची एक कागदाची प्रत आहे. बोरमाळीच्या चोरीची फिर्याद. हवालदारांचे अक्षर वळणदार आहे. गेलेल्या मालाची यादी बिनचूक आहे. संशयिताच्या जागी 'ओढ्यापलीकडील पालावरील इसम' एवढेच लिहिले आहे, नाव नाही. हे शब्द चुलत्यांचे होते, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. पण 'मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे' या ओळीखालची सही माझी आहे.